साक्षीची वही : परसत्तेखालील प्रदेशात अन्यायाची नोंद कशी होते

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मानवी हक्कांचे प्रकरण बहुधा शेवटी येते आणि परीक्षेच्या तोंडावर ते घाईने उरकले जाते. हक्क कोणते, ते कोणी व केव्हा जाहीर केले, एवढे पाठ झाले म्हणजे चार गुणांची तजवीज होते. परंतु हक्क मोडला गेला हे सिद्ध कोणी करावयाचे? आणि जेथे पोलीस, न्यायालय, छापखाना व टपाल ही सारी एकाच सत्तेच्या मुठीत आहेत, तेथे ते करावयाचे तरी कसे? पाठ्यपुस्तक ह्या प्रश्नाच्या वाटेस जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत, आणि त्यासाठी उदाहरणे दूरदेशची न घेता एक आमच्या गोमंतकाचे व दुसरे तुमच्या-आमच्या पायांखालच्या ह्या हैदराबादेचे घेणार आहोत.

आधी थोडे कायद्याविषयी. सन १९०७ मध्ये हेग येथे राष्ट्रांनी युद्धाचे जे नियम ठरविले, त्यांतील ४२ व्या कलमाप्रमाणे एखादा प्रदेश प्रत्यक्षात शत्रूच्या सैन्याच्या अमलाखाली गेला म्हणजे तो व्याप्त प्रदेश ठरतो. तेथील लोक जिंकणाऱ्या राजाची प्रजा होत नाहीत. पण रोजचे जगणे मात्र त्याच्या शिपायांच्या मर्जीवर चालते. दुसऱ्या महायुद्धात ह्या मर्जीचे जे रूप जगाने पाहिले, त्यानंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे चौथा करार झाला. त्यातील दोन कलमे आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहेत. ७६ व्या कलमाने असे ठरविले की, व्याप्त प्रदेशातील आरोपीस त्याच प्रदेशात कैदेत ठेवावे व शिक्षाही तेथेच भोगू द्यावी. त्यास समुद्रापार नेऊ नये. आणि १४३ व्या कलमाने रेड क्रॉससारख्या तटस्थ संस्थेच्या प्रतिनिधीस कैद्यांच्या जागी जाण्याचा व त्यांच्याशी कोणी साक्षीदार जवळ नसता बोलण्याचा अधिकार दिला. ह्या शेवटच्या शब्दांत सारे मर्म आहे. तुरुंगाधिकारी दारात उभा असता, 'तुला येथे काही त्रास आहे का?' असे विचारले, तर कैदी काय उत्तर देणार? वर्गशिक्षक शेजारी उभे असताना शाळा-तपासनीसांनी विचारलेल्या प्रश्नास तुम्ही जे उत्तर देता, तेच!

आता गोमंतकाकडे वळू. गोमंतक सन १५१० पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, म्हणून युद्धातील व्याप्त प्रदेशाचे नियम त्यास लागू होतात असे कोणी म्हटले नाही. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत ७३ वे कलम आहे. ज्या प्रदेशांस स्वराज्य नाही, अशा प्रदेशांतील लोकांच्या आर्थिक, सामाजिक व शैक्षणिक स्थितीची माहिती राज्यकर्त्या देशाने नियमाने पाठवावी, असे ते सांगते. देखरेखीचे हे अगदी सौम्य रूप होय. पोर्तुगालने त्यालाही वाट काढली. सन १९५१ मध्ये त्या देशाने आपल्या घटनेत दुरुस्ती केली आणि 'वसाहती' हा शब्द काढून तेथे 'सागरपार प्रांत' असा शब्द घातला. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल राष्ट्रसंघाचा सभासद झाला; पुढे त्यास विचारणा झाली तेव्हा, आमच्याकडे स्वराज्य नसलेला एकही प्रदेश नाही, असे उत्तर आले. शब्द बदलला आणि वहीच बंद झाली. अखेर १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने आपल्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या अशा प्रदेशांची नावानिशी यादी दिली व त्यांविषयी माहिती पाठविणे हे त्या देशाचे कर्तव्य आहे असे जाहीर केले. त्या यादीत गोवाही होता. एका वर्षाने, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. ती माहिती काही पाठविली गेली नाही.

मग त्या दिवसांची हकीकत आपणांस कळते कशी? गोव्यात छापखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मजकुरावर आधी तपासनिसाची नजर पडे. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसत. आमची आजी ही गोष्ट हसत हसत सांगे. तिच्या बोलण्यात राग कधी दिसला नाही, पण पत्रिकेत काय लिहू नये हे तिला शेवटपर्यंत पाठ होते. अशा ठिकाणी बातमी माणसाच्या पायांनी बाहेर जाते. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी नागरी स्वातंत्र्याची चळवळ सुरू केली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्या विद्वान गोमंतकीयास पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. ते १९५३ मध्ये निसटून मुंबईस आले आणि तेथून 'फ्री गोवा' हे पत्र काढू लागले. २५ नोव्हेंबर १९५५ पासून सरहद्दीवरच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालू झाले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो ही दोघे ते मुक्तीच्या दिवसापर्यंत चालवीत होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर सरहद्दीवर गोळीबार झाला व वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्याची वार्ता जगभर गेली, कारण ती घटना सरहद्दीवर घडली. सरहद्दीपासून दूर, आग्वादच्या किल्ल्यातील कोठडीत, त्याच दिवशी काय घडले ते सांगावयास कैद्याची सुटकाच व्हावी लागे.

येथे चोखंदळ विद्यार्थी शंका काढील की, ही सारी साक्ष एका बाजूची, म्हणजे लढणाऱ्यांची आहे. तिच्यावर विसंबावे कितपत? शंका रास्त आहे. 'फ्री गोवा'चा संपादक तटस्थ नव्हता आणि तसा आव त्याने आणला नाही. परंतु तटस्थ माणसास आत येऊ द्यावयाचे नाही, आणि मग बाहेर आलेली साक्ष पक्षपाती म्हणून फेटाळावयाची, हा डाव सत्ताधाऱ्यांस फार सोयीचा असतो. अशा साक्षीचा शहाणा वाचक तिला पारखतो : नाव दिले आहे काय, तारीख दिली आहे काय, दुसऱ्या ठिकाणच्या कागदाशी ती जुळते काय? मोहन रानडे ह्यांचे उदाहरण पाहा. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला, १९५५ मध्ये पकडला गेला, लांबलचक शिक्षा होऊन पोर्तुगालमध्ये नेला गेला, आणि गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षे उलटली तरी लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगातच होता. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. येथे कोणाच्या भावनेवर विसंबण्याचे कारणच नाही, तारखाच बोलतात.

असो. आता हैदराबाद.

आमची शाळा ज्या आबिड्समध्ये आहे, तेथील रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात उर्दू वर्तमानपत्रांचे पिवळे पडलेले गठ्ठे कधीकधी दिसतात. ह्या शहरात 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक निघत असे. त्याचे संपादक शोएबुल्ला खान. ह्याआधी ते 'रय्यत' ह्या पत्रात होते; ते पत्र निजाम सरकारने बंद पाडले, म्हणून १९४७ च्या अखेरीस 'इमरोज' निघाले. संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे व रझाकारांचा धुमाकूळ थांबवावा, असे ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कचेरीतून काचीगुड्यातील घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा हात तोडण्यात आला, आणि २२ ऑगस्ट रोजी त्यांचे देहावसान झाले. वय तिशीच्या आत. आबिड्सच्या चौकातून काचीगुड्यास पायी जाण्यास फार वेळ लागत नाही. नोंद ठेवणाऱ्याच्या कोणत्या अवयवाचे भय सत्तेस वाटते, हे मारेकऱ्यांस ठाऊक होते.

रझाकारांची संघटना 'मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन' ह्या पक्षाची स्वयंसेवक सेना होती. तिचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. १९४७-४८ मध्ये गावोगाव लूट, जाळपोळ व खून झाले. तेलंगणातील भैरानपल्ली, बीदरकडील गोरटा ही नावे तुमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतीलच. विनायकराव विद्यालंकार ह्यांच्या पुढाकाराने वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. म्हणजे ज्या दारी फिर्याद न्यावयाची ते दारच बंद झाले. ह्या अत्याचारांची एक नोंद हिंदुस्थान सरकारने १९४८ च्या श्वेतपत्रिकेत केली. ती कामाची आहे, पण सरकार स्वतः ह्या तंट्यातील एक पक्ष होते, हे ती वाचताना विसरू नये. गोव्याच्या बाबतीत जी कसोटी लाविली, ती येथे ढिली करता येणार नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. त्यानंतर १९४९ च्या अखेरपर्यंत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी गव्हर्नर होते. हा दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो व पाळलाच पाहिजे. हैदराबाद कायद्याच्या अर्थाने व्याप्त प्रदेश होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जेथे काही काळ नेहमीचा कायदा बाजूस राहतो व बंदूकधारी शिपाई हाच सरकार होतो, तेथे नोंदीचा प्रश्न त्याच स्वरूपात उभा राहतो. आणि त्या सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात व आसपास जे घडले, त्याविषयी आपल्या व्याख्यानांत सहसा कोणी बोलत नाही.

दिल्लीस वार्ता येऊ लागल्या, तेव्हा पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री ह्या तिघांचे एक सद्भावना मंडळ येथे आले. काझीसाहेब हैदराबादच्या वाचकांस परके नव्हते. येथील 'पयाम' ह्या उर्दू दैनिकाचे ते संस्थापक. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ह्या अवधीत मंडळाने सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. सात जिल्ह्यांची ठाणी, २१ शहरे व २३ मोठी गावे हिंडून झाली. ज्या १०९ गावी जाणे जमले नाही, तेथील पाचशेंहून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या. एक योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे : हे मंडळ आपल्या भागात हिंडत असतानाच, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' ह्या अर्थाचे इंग्रजी शब्द जाऊन 'सर्व मानव' हे शब्द आले ते आपल्या हंसाबेन मेहतांच्या आग्रहामुळे.

मंडळाचा अहवाल सांगतो की, सर्वांत अधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत झाली व तेथे निदान १८,००० माणसे मारली गेली. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक ह्या चारांत निदान ५,०००. (उस्मानाबादचे आज धाराशिव, गुलबर्ग्याचे कलबुर्गी व औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे.) सबंध संस्थानाचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला आहे. मृतांत बहुतेक मुसलमान होते. मारणारे काही गावातलेच, काही सरहद्दीपलीकडून आलेले.

हे आकडे वाचून हबकून जाण्यापूर्वी, किंवा 'हे खोटे' म्हणून पान उलटण्यापूर्वी, ते कसे मांडले आहेत इकडे पाहा. २७ आणि ४० ह्यांत १३ हजारांचे अंतर आहे. नेमकी मोजणी झालेली नाही हे हे अंतरच कबूल करते. आम्हांस तो अहवालाचा प्रामाणिकपणा वाटतो. एखादा गोंडस आकडा, समजा ३२,४१७, असा दिला असता तर आम्ही अधिक संशयाने पाहिले असते. लातूरची हकीकत तर वर्गात फळ्यावर मांडण्याजोगी आहे. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती होती. मंडळ गेले तेव्हा जेमतेम तीन हजार उरली होती. घाईने वाचणारा वजाबाकी करून सात हजार मेले म्हणेल. अहवाल तसे म्हणत नाही. हजाराहून अधिक मारले गेले व बाकीचे सर्वस्व टाकून पळाले, असे त्यात लिहिले आहे. 'नाहीसे झाले' आणि 'मारले गेले' ह्या दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात. जो नोंदकार ते मिसळतो, तो पुढे कोणाही वकिलाच्या एका प्रश्नाने उघडा पडतो व त्याच्याबरोबर खरे मृतही खोटे ठरतात.

आणखी एक गोष्ट. सैन्यातील व पोलिसांतील काही लोकांनी लुटीत व इतर गुन्ह्यांत भाग घेतल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला, असे मंडळ एके ठिकाणी म्हणते. तर काही गावी शिपायांनी जमावास लुटीस चिथावल्याचे आपल्या कानी आले, असे त्याच्या पुढे म्हणते. पाहिलेले, सिद्ध झालेले आणि ऐकलेले ह्यांची भाषा निरनिराळी ठेवली आहे. त्याच अहवालात सैन्याच्या एकंदर शिस्तीची वाखाणणी आहे, जनरल चौधरींच्या मनात जातीय आकस नव्हता अशी ग्वाही आहे, आणि हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबे वाचविल्याची उदाहरणे आहेत. एके ठिकाणी तर हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बंधूंचे रक्षण केले. आरोप करणाऱ्या कागदात आरोपीच्या बाजूचेही लिहिलेले आढळले, म्हणजे त्या कागदाची पत वाढते.

अहवालात उणिवा आहेत. हे चौकशी आयोग नव्हते. शपथेवर साक्ष घेण्याचा अधिकार त्यास नव्हता. तीन आठवड्यांत नऊ जिल्हे म्हणजे पायाला भिंगरीच! स्त्रियांवरील अत्याचारांविषयी त्यात लिहिले आहे, पण परक्या पुरुषांपुढे किती स्त्रिया बोलल्या असतील? सरदार पटेलांस तो अहवाल मुळीच रुचला नाही. ह्या आक्षेपांची चर्चा उघड व्हावयास हवी होती. झाले ते असे की, अहवाल प्रसिद्धच झाला नाही. कॅन्टवेल स्मिथ ह्या अभ्यासकाने १९५० मध्ये ह्या घटनांवर लेख लिहिला, पुढे कोठे कोठे उतारे छापून आले. परंतु दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वांस पाहावयास मिळू लागला तो सन २०१३ च्या सुमारास. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल तोवर पंचाहत्तर वर्षांचे झाले होते. ज्याच्या गावाचे नाव चुकले, ज्याच्या घरची माणसे मोजावयाची राहिली, तो दुरुस्ती सांगण्यास कोठून येणार? गुप्त ठेवलेल्या नोंदीतील चूक कोणी सुधारू शकत नाही आणि तिच्यातील खऱ्यावर कोणी विश्वासही ठेवीत नाही, दोन्हीकडून तोटा.

काही मंडळी म्हणतात, रझाकारांनी आधी केले ते पाहा, मग हे काढा. दुसरी मंडळी नंतरचे तेवढेच सांगतात आणि भैरानपल्लीचे नाव गाळतात. दोन्ही प्रकार आम्हांस हिशेबाच्या दृष्टीनेच चुकीचे वाटतात. गोरट्यास मारल्या गेलेल्या माणसाच्या जमेस लातूरचा मेलेला विणकर किंवा व्यापारी धरता येत नाही. ज्याने गोरट्यास तलवार चालविली तो हा नव्हे. रझाकारांविरुद्ध लिहून प्राण गमावणारा संपादक मुसलमान होता, एवढे ध्यानी घेतले तरी धर्माच्या नावाने पाडलेले दोन रकाने कोलमडतात.

आजकाल ह्या कामास शिस्त आली आहे. व्याप्त पॅलेस्टाईनच्या प्रदेशासाठी १९९३ पासून राष्ट्रसंघाचा विशेष प्रतिवेदक नेमलेला असतो. इस्रायल त्यास आत येऊ देत नाही, म्हणून बराच पुरावा बाहेरून गोळा करावा लागतो, हे गोव्याच्या गोष्टीशी किती जुळते पाहा. युक्रेनमध्ये मार्च २०१४ पासून राष्ट्रसंघाचे निरीक्षण पथक आहे. ते एकेका नागरिकाच्या मृत्यूची स्वतंत्र पडताळणी करते, पडताळलेला आकडा तेवढाच छापते, आणि खरा आकडा ह्याहून बराच मोठा असावा असे खाली लिहिते. सुंदरलाल मंडळाच्या 'निदान' ह्या शब्दाची ही सुधारलेली आवृत्ती होय.

आता तुमच्यासाठी थोडे काम. आपल्या शाळेतील पुष्कळांची मूळ गावे नांदेड, लातूर, धाराशिव, बीदर ह्या पट्ट्यात आहेत, आणि त्या वेळी जाणत्या वयात असलेली माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत. दसऱ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा दोनशे पानी वही बरोबर न्या. सांगणाऱ्याचे वय, त्या वेळचे गाव व आजचे गाव आधी लिहा. मग प्रत्येक हकीकतीपुढे ती स्वतः पाहिली, घरी ऐकली, की गावात बोलली जाई, ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. तारीख न आठवल्यास पोळा, महालक्ष्म्या, मोहरम असा जवळचा सण विचारा. सण माणसे विसरत नाहीत. 'रझाकारांनी तुमचे घर जाळले ना?' असे उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नका. 'मग काय झाले?' एवढेच पुरे. आजी रडू लागली तर वही मिटा व त्या दिवशी पुन्हा उघडू नका. मारणाऱ्याचे नाव कोणी सांगितलेच तर ते वहीत लिहा, पण वर्गात मोठ्याने वाचू नका. त्याची नातवंडे कदाचित तुमच्याच बाकावर बसत असतील. आणि गल्लीतील एका घरी विचारलेत, तर पलीकडच्या मोहल्ल्यातील एका घरीही विचारा. उजवीकडचे पान कोरे ठेवा. तीच गोष्ट दुसरा कोणी निराळी सांगेल, तेव्हा जुने न खोडता ती त्या कोऱ्या पानावर, त्याच्या नावासह व तारखेसह, लिहावयाची आहे.